मेष्ट्रुंच्या खांद्यावरची लाल रेघ

"मॅडम, तो लाल रंग आपलाच ना?"

फोनवर नागराज होता. सकाळचे साडेसहा वाजले होते आणि मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते.

"कुठला लाल रंग?" मी विचारलं.

"पुतळ्यावरचा. चादरीतून बाहेर आलाय, खांद्यापासून छातीपर्यंत. कोणीतरी फोटो काढून सगळ्या ग्रुपवर टाकलाय. मेष्ट्रुंच्या अंगावर कोणीतरी रंग फेकला म्हणतायत. शंभर-दीडशे माणसं जमलीत. पोलिसांची जीप आलीय. तुम्ही स्वल्प लवकर या."

रंग आपलाच होता. नेमकं सांगायचं तर माझा होता. ओले कपडे बादलीत तसेच टाकले, नवऱ्याला दूध उतू जाऊ देऊ नको म्हणून सांगितलं, माझं किट उचललं आणि ऑटो पकडली.

ऑटो के. आर. पुरमच्या पुलाखाली अडकेपर्यंत हा लाल रंग काय आणि तो मी एका मोठ्या माणसाच्या पुतळ्याला का लावला, ते सांगते.

मी चौतीस वर्षं बेंगळुरूतल्या एका सरकारी कारखान्यात इन्स्पेक्शनमध्ये काढली. सांगलीहून ट्रेनी म्हणून आले आणि इथलीच झाले. माझं काम नॉन-डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंग, आमच्या बोलण्यात एनडीटी. वस्तू न कापता, न तोडता तिच्यात दोष आहे का ते शोधायचं. डॉक्टर पोट न फाडता सोनोग्राफी करतात तसंच, फक्त आमचा पेशंट लोखंडाचा, अ‍ॅल्युमिनियमचा नाहीतर ब्राँझचा. दोष सापडला की पार्ट रिजेक्ट. त्यामुळे कारखान्यात मी कोणाची फारशी लाडकी नव्हते. प्रॉडक्शनचे लोक मला लांबून येताना पाहिलं की चहाला जायचे.

नागराज वेल्ड शॉपमध्ये होता. वीस वर्षं मी त्याचे वेल्ड रिजेक्ट केले आणि वीस वर्षं तो माझ्याशी भांडला. रिटायर झाल्यावर कळलं की कारखान्यातल्या कोणाशी मैत्री टिकली असेल तर ती याच्याशी. तो के. आर. पुरमच्या मागच्या एका कॉलनीत राहतो. सगळी दलित वस्ती, जुनी. दोड्डय्या मेष्ट्रु त्याच कॉलनीचे. मेष्ट्रु म्हणजे मास्तर.

मेष्ट्रुंना जाऊन बरीच वर्षं झाली. मी हे नाव नागराजच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं ते गेल्या वर्षी, कॉलनीने पुतळ्यासाठी जागा मिळवली तेव्हा. एवढी वर्षं एका छपराखाली काम करून मी कधी विचारलं नव्हतं आणि त्याने कधी सांगितलं नव्हतं, याची मला लाज वाटते. त्या काळी आसपासच्या हॉटेलांत या लोकांसाठी वेगळे पेले असत. बाहेरच्या कट्ट्यावर ठेवलेले, स्वतः विसळून परत ठेवायचे. मेष्ट्रुंनी ते बंद केलं. माणसं घेऊन ते हॉटेलात शिरायचे, आतल्या टेबलाशी बसायचे आणि सगळ्यांना मिळते त्याच पेल्यात कॉफी मागायचे. मार खाल्ला, कोर्टात गेले, परत येऊन बसले. शेवटी पेले एक झाले. पुढे शाळेतली रांग एक झाली, पाण्याचा नळ एक झाला.

म्हणून पुतळाही तसाच केलेला. मेष्ट्रु उभे आहेत, खांद्यावर उपरणं, आणि उजवा हात सरळ पुढे. हातात पेला. बघणाऱ्याला वाटतं, आपल्यालाच कॉफी देतायत.

गोची त्याच हाताची होती.

आठ फुटी पुतळा एका ओतकामात होत नाही. धड वेगळं, हात वेगळे, डोकं वेगळं ओततात आणि मग वेल्ड करून जोडतात. वरून रंग देऊन जोड झाकतात. पुतळा देवनहळ्ळीच्या पुढच्या एका लहानशा फाउंड्रीतून ट्रकने आला, क्रेनने चौथऱ्यावर चढला. नागराजने बोल्ट आवळायला म्हणून बांबूच्या परांचीवर चढून पाहिलं, तर उजव्या खांद्यावर, उपरण्याच्या घडीला लागून, केसासारखी बारीक रेघ. तो तडक माझ्या घरी आला.

"आचारी म्हणतात पॉलिशचा ओरखडा आहे," तो म्हणाला. आचारी म्हणजे फाउंड्रीचे मालक, मूर्तिकारांच्या घरातले.

"तुला काय वाटतं?"

"मी वेल्डर आहे मॅडम. ओरखडा आणि क्रॅक मला कळतो. पण मी बोललो तर म्हणतील, याला पुतळा कमिटीचा अध्यक्ष केलं नाही म्हणून खोडा घालतोय."

"हातावर लोड किती येणार?"

"लोड कसला? पुतळा आहे तो. उभा राहणार."

"हार घालणार ना?"

"हार तर घालणारच. मेष्ट्रुंच्या जयंतीला अनावरण. सफरचंदांचा हार सांगितलाय."

"केवढा?"

"मोठा आहे. क्रेनने उचलायचा."

मी कपाळाला हात लावला. बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं, आमच्याकडे मोठ्या माणसाचा मान क्रेनने करतात. सफरचंदांचा, मोसंब्यांचा, दोन-तीन माणसं उभी मावतील एवढा हार क्रेनला टांगून गळ्यात सोडतात. या पुतळ्याचा हात पुढे आहे. म्हणजे हार गळ्यात जाताना अर्धा हातावर बसणार. आणि हाताखाली कोण असणार? नागराजने सांगितलं, शाळेतल्या मुलींचं गाणं बरोबर तिथंच ठेवलंय. एवढा ब्राँझचा हात खांद्यातून निघाला तर कोणाच्या डोक्यात पडेल ते मी त्याला सांगायची गरज नव्हती.

जयंतीला नऊ दिवस होते. ही जागा मिळवायला कॉलनीने कित्येक वर्षं ऑफिसांचे उंबरठे झिजवले होते. तारीख पुढे गेली तर परवानगीची फाइल पुन्हा वर जाणार आणि ज्यांना हा पुतळा नकोच होता त्यांच्या हाती आयतं कारण पडणार. क्रॅक नसेल तर कार्यक्रम ठरल्यासारखा करायचा आणि असेल तर नऊ दिवसांत दुरुस्त करायचा, एवढाच मार्ग होता.

"आधी खात्री करू," मी म्हणाले. "डाय पेनिट्रंट टेस्ट करते."

"करा. पण कोणाला सांगू नका. उगीच बोभाटा नको."

मी सरी, म्हणजे बरं, म्हणाले. इथंच चुकले.

डाय पेनिट्रंट ही टेस्ट सोपी असते, स्वयंपाक येणाऱ्याला यावी इतकी. तीन डबे असतात. पहिल्यात क्लीनर, त्याने जागा पुसून घ्यायची. दुसऱ्यात लालभडक पातळ डाय. ती लावायची आणि पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. भेग असेल तर डाय आत शिरते. मग वरची डाय पुसून टाकायची. तिसऱ्या डब्यात डेव्हलपर, खडूच्या भुकटीसारखा पांढरा स्प्रे. तो मारला की भेगेत बसलेली डाय तो शोषून वर ओढतो आणि पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. भेग नसेल तर पांढरं पांढरंच राहतं.

बुधवारी दुपारी, कॉलनीतली माणसं कामावर गेलेली असताना, मी परांचीवर चढले. नागराज खाली शिडी धरून उभा. पाच मिनिटांत रेघ आली. वीतभर लांब, अगदी स्पष्ट. मी वरूनच मान हलवली आणि खाली नागराजचा चेहरा पडला.

आता आमच्या धंद्यातला एक नियम. सापडलेली खूण इन्स्पेक्टरने पुसायची नाही. ज्याचा माल आहे त्याने ती डोळ्यांनी बघायची, मगच पुसायची. नाहीतर तो उद्या म्हणेल, क्रॅक होताच कुठे? आचारींना फोन केला. ते म्हणाले, उद्या दहाला येतो. मी खूण तशीच ठेवली, पुतळ्यावर चिकपेटच्या बाजारातून आणलेली पांढरी चादर पुन्हा ओढली आणि घरी आले. चौतीस वर्षं हेच केलं होतं. फक्त कारखान्यात पार्टवर लाल डाग दिसला तर लोक समजतात की कुलकर्णी मॅडम येऊन गेल्या. इथं काय समजतील हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. उपरण्याच्या घड्यांमध्ये डाय साचून राहिली होती, ती मी नीट टिपली नव्हती. नव्या सुती चादरीने ती पिऊन घेतली आणि सकाळी पांढऱ्या चादरीवर, खांद्यापासून छातीपर्यंत, लाल ओघळ.

असे पुतळे रंगवले जातात, फोडले जातात, हे पेपरात आपण सगळेच वाचतो. कॉलनीतल्या लोकांनी ते नुसतं वाचलेलं नव्हतं.

ऑटो कॉलनीच्या तोंडाशीच थांबली, पुढे जायला वाट नव्हती. माणसं चौथऱ्याभोवती उभी होती. ओरडा नव्हता. ओरडा असता तर बरं वाटलं असतं. जीपला टेकून एक सब-इन्स्पेक्टर उभे होते आणि नागराज त्यांना हातवारे करून काहीतरी समजावत होता.

"याच त्या मॅडम," तो म्हणाला.

"रंग तुम्ही लावला?" सब-इन्स्पेक्टरनी विचारलं.

"हो. तो रंग नाही, टेस्टिंगची डाय आहे."

"नाव?"

मी नाव सांगितलं. आडनावही सांगितलं. शेजारी उभा असलेला एक तरुण ऑटो ड्रायव्हर, महेश त्याचं नाव, वळून माझ्याकडे बघायला लागला.

"कुलकर्णी," तो म्हणाला. "आणि तुम्ही आमच्या मेष्ट्रुंना लाल केलंत. कोणाला न विचारता. सगळे कामावर गेल्यावर."

त्याच्या बोलण्यात एकही शब्द खोटा नव्हता. मला भीती वाटली हे कबूल करते, पण त्याहून जास्त शरम वाटली. कारखान्यात मी दुसऱ्यांच्या चुका दाखवून पगार घेतला. माझी चूक एवढ्या माणसांनी समोर उभं राहून कधी दाखवली नव्हती.

"मॅडम, असं करा," सब-इन्स्पेक्टर आवाज खाली आणून म्हणाले. "ते पटकन पुसून टाका. चादर बदला. मी सांगतो, पेंटरच्या हातून सांडलं. दहा मिनिटांत सगळे घरी जातील."

नागराजसुद्धा माझ्या कानाशी लागला. "पुसा मॅडम. आचारींना नंतर समजावू."

मला क्षणभर मोह झाला. क्लीनर आणि फडकं, दोन मिनिटांचं काम. पण पुसलं असतं तर क्रॅकचा पुरावा गेला असता आणि लोकांना दिसलं असतं ते एवढंच, की पोलिसांनी उभं राहून डाग पुसून घेतला. जयंतीला हार चढला असता तो वेगळाच.

"नाही पुसत," मी म्हणाले.

"मग काय करता?" सब-इन्स्पेक्टर वैतागले.

तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारी काठी टेकत पुढे आली. लोकांनी वाट दिली. पुट्टम्मा. नागराजने तिच्याबद्दल सांगितलं होतं. मेष्ट्रुंबरोबर पहिल्या दिवशी हॉटेलात शिरलेल्या बारा जणांपैकी आता ही एकटी उरलेली. तेव्हा ती चौदा वर्षांची होती. कोणीतरी प्लॅस्टिकची खुर्ची आणली. ती बसली आणि तिने मला जवळ बोलावलं.

"हे लाल काय आहे ते मला सांग," ती म्हणाली.

मी सांगितलं. भेग, हात, हार, खाली गाणाऱ्या मुली. मध्ये एकदा तिने "स्वल्प हळू" म्हणून मला थांबवलं.

"आम्ही हॉटेलात गेलो ना, त्याच्या आधी आठ दिवस मेष्ट्रुंनी मालकाला पोस्टकार्ड टाकलं होतं," ती म्हणाली. "अमुक वारी, अकरा वाजता, आम्ही बारा जण येऊ, आत बसू, कॉफी पिऊ. तसंच एक कार्ड पोलीस स्टेशनला. आमची माणसं चिडली. म्हणाली, आधी सांगितलं तर ते काठ्या घेऊन बसतील. बसलेच ते. मेष्ट्रु म्हणाले, बसू देत. चोरून प्यायलेली कॉफी आपल्याला नको." तिने माझ्याकडे पाहिलं. "तू चोरून केलंस."

"हो अक्का," मी म्हणाले.

"आता सगळ्यांसमोर कर. तुझी रेघ खरी असेल तर पुन्हा येईल."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. पण जे पुट्टम्माला माहीत नव्हतं ते मला माहीत होतं. ही टेस्ट दुसऱ्यांदा नीट होईलच असं नसतं. पहिल्या वेळची डाय भेगेत सुकून बसते, पांढरी भुकटी तोंडाशी अडकते आणि नवी डाय आत शिरत नाही. क्रॅक असूनही रेघ येत नाही. आमच्या पुस्तकात रीटेस्टबद्दल सावध राहायला सांगितलंय ते याचसाठी. रेघ आली नाही तर मी खोटी पडणार होते, आणि क्रॅक असलेला हात खरा ठरणार होता.

हे मी लपवलं नाही. सगळ्यांना सांगून टाकलं.

"म्हणजे आली नाही तरी तुमचंच खरं?" महेश म्हणाला.

"आली नाही तर तुम्ही मला खोटी म्हणा. फक्त हार हातावर घालू नका."

"आणि मी काय करू?" सब-इन्स्पेक्टरनी विचारलं.

"तुम्ही मला जीपमधून घरी सोडा. आज ऑटो मिळेलसं वाटत नाही."

कोणी हसलं नाही. पण महेश म्हणाला, "मी वर येतो. माझ्या डोळ्यांदेखत करायचं. व्हिडिओ काढणार."

"या. दोन्ही खांद्यांवर करू. डावा खांदा चांगला आहे. एकसारखी डाय, एकसारखा वेळ. फरक तुम्हीच सांगा."

मी आणि महेश परांचीवर चढलो. चादर काढली. खाली नुसता श्वास ऐकू आला, कारण खांदा खरंच वाईट दिसत होता. आधी मी कालची रेघ महेशला दाखवली आणि त्याच्या फोनमध्ये घ्यायला लावली. मग क्लीनरने खांदा धुतला, एकदा नव्हे, चार-पाच वेळा. ब्रश फिरवला. फडकं पांढरं निघेपर्यंत पुसत राहिले. डावा खांदाही तसाच केला. वाळू दिलं. मग डाय. नेहमी वीस मिनिटं थांबते, आज अर्धा तास थांबले.

अर्धा तास परांचीवर दोन माणसं उभी राहिली की काहीतरी बोलावंच लागतं. महेशने विचारलं, हे तुम्ही कारखान्यात कशावर करायचात? मी म्हटलं, बऱ्याच गोष्टींवर, जिथं भेग असली की माणूस मरतो अशा. तो म्हणाला, माझ्या ऑटोच्या चेसिसवर कराल का? म्हटलं, करीन, पण रिजेक्ट झाली तर भांडू नका. खाली पुट्टम्मा खुर्चीत तशीच बसून होती. कोणीतरी तिला कॉफी आणून दिली होती, ती हातातच निवली.

डाय पुसली. दोन्ही खांदे स्वच्छ, नुसतं ब्राँझ. डेव्हलपर मारला. दोन्ही पांढरे.

पहिलं मिनिट काही नाही. दुसरं, काही नाही. काल दुसऱ्या मिनिटाला सुरुवात झाली होती. तिसरं मिनिटही कोरं गेलं. महेश एकदा डाव्या खांद्याकडे बघायचा, एकदा उजव्या, आणि मग माझ्याकडे. खाली कुजबुज सुरू झाली. आयुष्यभर मी मनात म्हणत आले, देवा, क्रॅक निघू नको दे, डिस्पॅच अडकेल. त्या दिवशी पहिल्यांदा उलटं म्हटलं. क्रॅक निघू दे.

चौथ्या की पाचव्या मिनिटाला उजव्या खांद्यावर टाचणीच्या डोक्याएवढा गुलाबी ठिपका आला. मला आधी डोळ्यांचा भास वाटला. त्याच्या शेजारी दुसरा. मग तिसरा. ठिपके एकमेकांना जुळले, गडद झाले आणि उपरण्याच्या घडीपासून काखेकडे लाल रेघ सरकत गेली. काल होती तिथंच, काल होती तेवढीच.

डावा खांदा पांढराच होता.

महेशने फोन खाली केला. रेघेच्या दोन्ही टोकांना बोटं धरून त्याने लांबी मापली. मग वाकून खाली ओरडून सांगितलं, "अज्जी, मॅडमचं खरं आहे. हात फुटलाय."

माझा जीव भांड्यात पडला. मी तिथंच बांबूवर बसले. खाली लोक एकदम बोलायला लागले, तोच गलका ज्याची मी सकाळपासून वाट बघत होते. त्यात राग होता, पण तो आता त्या भेगेवर होता. महेशने व्हिडिओ ज्या ज्या ग्रुपवर फोटो गेला होता तिथं तिथं टाकला. सब-इन्स्पेक्टरनी टोपी काढून घाम पुसला आणि फोनवर साहेबांना सांगितलं, "नाही सर, पेंट नाही. टेस्टिंग आहे. पब्लिकसमोर झालं."

बरोबर दहाला आचारी आले. गर्दी बघून चपापले. मी शिडीकडे हात केला. वर जाऊन त्यांनी रेघ पाहिली, नखाने खरवडून पाहिली, आणि उतरले तेव्हा पुट्टम्मासमोर हात जोडून उभे राहिले.

"जोड माझ्याच हातचा आहे," ते म्हणाले. "ओरखडा म्हणालो, कारण मलाही तो ओरखडाच हवा होता. पुतळा परत न्यायचा तर पंधरा दिवस लागतील."

"सातच दिवस उरलेत," नागराज म्हणाला. "परत न्यायचा नाही. इथंच करू. वेल्ड मी मारतो."

"तुम्ही?"

"तीस वर्षं टिग वेल्डिंग केलंय. मॅडमना विचारा."

आचारींनी माझ्याकडे पाहिलं. वीस वर्षांत मी नागराजच्या कामाबद्दल एकही बरा शब्द त्याच्या तोंडावर बोलले नव्हते. "आमच्या कारखान्यात याच्यापेक्षा चांगला हात नव्हता," मी म्हणाले. नागराज पुतळ्याकडे बघत राहिला, पण त्याचे कान लाल झाले.

पुढचं काम सरळ होतं. आचारींनी पाठीला चौकोनी खिडकी कापली, आतून खांद्याला ब्राँझची जाड पट्टी बसवली. बाहेरची भेग ग्राइंडरने मुळापासून खरवडून काढली. नागराजने दोन दिवस वेल्ड केलं. मधूनमधून तो मास्क वर करून डोळे पुसायचा. विचारलं तर म्हणायचा, धूर. आचारींनी खिडकी बंद केली, रंग चढवायच्या आधी मी पुन्हा टेस्ट केली. या वेळी पुट्टम्माची खुर्ची, महेशचा फोन आणि निम्मी कॉलनी हजर होती. डेव्हलपर मारून आम्ही अर्धा तास बघत बसलो. पांढरं पांढरंच राहिलं.

रिपोर्टवर साक्षीदाराची सही लागते. कारखान्यात ती ग्राहकाचा इंजिनिअर करायचा. मी कागद पुट्टम्मापुढे धरला. तिने चष्मा मागितला, एकेक अक्षर जोडत सही केली आणि विचारलं, "आता हात पडणार नाही ना?"

"नाही अक्का."

"मग मुलींना गाऊ देत."

जयंतीच्या दिवशी भाषणं झाली. आमदार आले, उशिरा आले. मला त्यातलं फारसं आठवत नाही, कारण मी आणि नागराज मांडवाच्या खांबाशी उभे राहून फक्त उजव्या खांद्याकडे बघत होतो. चादर उतरली तेव्हा लोकांनी चेहरा पाहिला, आम्ही जोड पाहिला. खाली मुली गात होत्या. क्रेनने हार उचलला, तांबडा लाल, गाडीच्या चाकांपेक्षा मोठा. तो झुलत आला, गळ्यावरून उतरला आणि ठरल्यासारखा अर्धा हातावर बसला. क्रेनची साखळी ढिली पडली. सगळा भार आता मेष्ट्रुंच्या हातावर होता.

हात जागचा हलला नाही. पेला जिथं होता तिथंच राहिला.

नागराजने माझ्याकडे पाहिलं. "अ‍ॅक्सेप्टेड?"

"अ‍ॅक्सेप्टेड," मी म्हणाले. वीस वर्षं तो या शब्दासाठी माझ्याशी भांडला होता. मग मीच जाऊन सगळ्यांबरोबर रांगेत कॉफी घेतली आणि ती गरम असताना प्यायले. असं हलकं मला रिटायरमेंटच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

अजूनही मी टेस्टिंगची लहानसहान कामं घेते. त्यानंतर मी माझ्या रिपोर्टचा फॉर्म बदलला. सगळ्यात वर, पार्ट नंबरच्याही आधी, एक ओळ वाढवली: टेस्टआधी कोणाला सांगितलं. ती ओळ कोरी असेल तर मी डब्याचं झाकण उघडत नाही.